थेंबाचा माग काढणारा सोइचिरो

लालभडक रंग, धुऊन-पुसून लखलखीत केलेली बॉडी, आणि आवाज असा की अख्ख्या सोसायटीच्या खिडक्या उघडाव्यात. पण सकाळी ती गाडी जागेवरून हलवली, की खाली फरशीवर तेलाचा काळा डाग. स्पोर्ट्‌स कार बाळगणाऱ्यांना हा डाग चांगलाच ओळखीचा असतो. गॅरेजवाला खाली वाकून बघतो आणि सांगतो, ऑइल सील गेलंय. हे सील बसतं इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये. म्हणजे ते बदलायचं तर आधी गिअरबॉक्स उतरवायचा. रबराच्या त्या रिंगची किंमत किरकोळ, मजुरीचा आकडा बघून मात्र घाम फुटतो. बरं, एवढं करून डाग जातो. आणि चार-सहा महिन्यांनी परत येतो. परत सील, परत मजुरी, परत डाग.

तुमच्याकडे स्पोर्ट्‌स कार नसेलही. पण घरात बाबांची किंवा काकांची एखादी जुनी मोटरसायकल असेल, तर तिच्याखाली घातलेला पुठ्ठा तुम्ही पाहिलाच असेल. दुखणं एकच. नवीन सील टाकूनही तेल का गळतं?

या प्रश्नाचं उत्तर एका माणसाच्या आयुष्यात सापडतं. त्याचं आडनाव तुम्ही रोज रस्त्यावर कितीतरी वेळा वाचता. सोइचिरो होंडा.

जमिनीला नाक लावणारा मुलगा

सोइचिरोचा जन्म १७ नोव्हेंबर १९०६ चा. गाव कोम्यो, जपानच्या शिझुओका प्रांतातलं. आज हा भाग हामामात्सू शहरात येतो. वडील गिहेई लोहार होते, पुढे त्यांनी सायकली दुरुस्त करायलाही सुरुवात केली. आई मिका विणकाम करायची. घरात पैसा बेताचा, पण भाता, ऐरण आणि लोखंडाचे तुकडे मात्र भरपूर. पोरगं त्या भंगारातच वाढलं.

शाळेत जाण्याच्याही आधीची गोष्ट. गावात पहिल्यांदाच मोटार आली. सोइचिरो तिच्यामागे धावत सुटला. गाडी थांबली, तेव्हा तिच्याखालून तेल ठिबकलं आणि मातीत डाग पडला. बाकीची मुलं गाडीकडे बघत होती. हा पठ्ठ्या खाली बसला, जमिनीला नाक लावलं आणि त्या तेलाचा वास छातीभर घेतला. मोठेपणी तो ही आठवण पुन्हा पुन्हा सांगायचा. आपणही एक दिवस अशी गाडी बनवायची, हे त्याच्या मनाने तिथेच घेतलं. म्हणजे आपण ज्या डागाला वैतागतो, त्याच डागापासून होंडा नावाची गोष्ट सुरू झाली!

अभ्यासात तो यथातथाच. शाळेचं प्रगतिपुस्तक घरी दाखवून त्यावर घरचा शिक्का उमटवून आणावा लागायचा. सोइचिरोने सायकलच्या पेडलचं रबर कोरून घरचा शिक्का स्वतःच तयार केला. म्हणजे त्याने आयुष्यात बनवलेलं पहिलं सील रबराचंच होतं म्हणायचं! युक्ती इतकी जमली की तो मित्रांनाही शिक्के करून द्यायला लागला, आणि तिथे पकडला गेला. होंडा हे नाव जपानी लिपीत उजवीकडून-डावीकडून सारखंच दिसतं, त्यामुळे ते सरळ कोरलं तरी चालून गेलं. मित्रांची नावं मात्र कागदावर उलटी उमटली. घरी चांगला मार बसला.

१९१७ मध्ये आर्ट स्मिथ हा अमेरिकन वैमानिक हामामात्सूला विमानाच्या कसरती दाखवायला आला. दहा वर्षांच्या सोइचिरोने वडिलांची सायकल न विचारता काढली. सीटवर बसून पाय पोचत नव्हते, म्हणून दांडीखालून पाय घालून वीसेक किलोमीटर मारले. तिकिटाला पैसे पुरले नाहीत, तर झाडावर चढून विमान बघितलं.

झाडू, बाळ आणि रेसिंग कार

१९२२ मध्ये शाळा संपली. टोकियोतल्या आर्ट शोकाई नावाच्या गॅरेजमध्ये सोइचिरो शिकाऊ म्हणून लागला. गाड्या उघडायला मिळतील म्हणून गेला, पण मालक युझो साकाकिबारांनी हातात दिलं त्यांचं तान्हं बाळ आणि झाडू. कितीतरी महिने त्याचं काम हेच. गाशा गुंडाळून गावी जावं असं मनात आलं, पण राहिला. कामाचा लोड वाढला तेव्हा एकदाचं त्याला गाडीखाली जायला मिळालं. बर्फ वितळून गाडीचं पाणी अंगावर ठिबकत होतं, आणि हा खुशीत.

तिथेच त्याला रेसिंगचं वेड लागलं. साकाकिबारांनी अमेरिकन कर्टिस विमानाचं जुनं इंजिन एका गाडीत बसवून रेसिंग कार तयार केली. १९२४ मध्ये त्सुरुमीच्या शर्यतीत ती पहिली आली, तेव्हा गाडीत शेजारी मेकॅनिक म्हणून बसला होता अठरा वर्षांचा सोइचिरो. १९२८ मध्ये मालकांनी त्याला हामामात्सूला आर्ट शोकाईची शाखा काढून दिली. तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. गॅरेज दणक्यात चाललं. मोटारीच्या चाकांना तेव्हा लाकडी आरे असायचे, त्याने ओतीव लोखंडाचे केले आणि पेटंट घेतलं.

मग आलं १९३६. जूनमध्ये तामागावाच्या ट्रॅकवर स्वतः बनवलेली गाडी तो स्वतः चालवत होता, शेजारी धाकटा भाऊ बेंजिरो. भन्नाट वेगात असताना दुसऱ्या गाडीला धडक बसली. सोइचिरो बाहेर फेकला गेला, चेहऱ्याला जबर लागलं, बेंजिरोची दुखापत तर त्याहून गंभीर होती.

पन्नासातल्या तीन

दुरुस्तीचा धंदा जोरात असतानाच सोइचिरोच्या डोक्यात वेगळं काही शिजत होतं. दुसऱ्यांनी बनवलेलं दुरुस्त करण्यापेक्षा आपणच काहीतरी बनवावं. त्याने निवडली पिस्टन रिंग. हातात घेतली तर बांगडीएवढी वस्तू, पण इंजिनाचा जीव तिच्यात असतो. पिस्टन सिलिंडरमध्ये वर-खाली धावतो. त्याच्यावर बसलेल्या रिंगा दोन कामं करतात. वर पेटलेल्या पेट्रोलचा गॅस खाली क्रँककेसमध्ये उतरू द्यायचा नाही, आणि खालचं तेल वर जाळात जाऊ द्यायचं नाही. म्हणजे पिस्टन रिंग हेही एक सीलच. फक्त रबराचं नाही, लोखंडाचं.

सोइचिरोला वाटलं, लोहाराच्या पोराला त्यात काय अवघड? रात्र रात्र भट्टीपुढे बसून त्याने रिंगा ओतल्या. हाताला लागली ती निव्वळ कडक, बिनकामाची वस्तू. रिंग सिलिंडरला चिकटून राहायची तर तिच्यात स्प्रिंगसारखा ताण हवा, झिजू नये इतका कडकपणा हवा, आणि सिलिंडरला ओरखडे पडू नयेत इतका मऊपणाही हवा. साठवलेले पैसे संपत आले, तरी जमेना. शेवटी तो हामामात्सूच्या तंत्रशाळेतल्या प्राध्यापकांकडे आपली रिंग घेऊन गेला. त्यांनी तपासून सांगितलं, लोखंडात सिलिकॉन कमी पडतंय.

सिलिकॉन कमी पडतं म्हणजे काय, हेच सोइचिरोला माहीत नव्हतं. इथे दुसरा कोणी असता, तर गुपचूप फॉर्म्युला विचारून घेतला असता. हा वयाच्या तिशीत, स्वतःचं चालतं गॅरेज असताना, त्या तंत्रशाळेत विद्यार्थी म्हणून जाऊन बसला. दहा-दहा वर्षांनी लहान पोरांच्या शेजारी. रिंगेच्या कामाचं तेवढं ऐकायचा, बाकी वही मिटलेली. परीक्षांना तर बसलाच नाही. शाळेने नाव कमी केलं, पण तोवर त्याला हवं ते त्याने घेतलं होतं.

तरीही लगेच यश आलं असं समजू नका. टोयोटाकडे माल द्यायचा म्हणून तपासणीसाठी पन्नास रिंगा दिल्या. पास झाल्या तीन. सत्तेचाळीस नापास! सोइचिरो परत कामाला लागला. कारखाने पाहिले, पोलाद कसं करतात ते पाहिलं, आणि रिंगा एकसारख्या निघतील अशी पद्धत बसवली. त्याच्या तोकाई सेइकी या कंपनीने पुढे टोयोटाला माल पुरवला, आणि १९४२ मध्ये टोयोटाने तिचे चाळीस टक्के शेअर घेतले.

आता परत आपल्या फरशीवरच्या डागाकडे या. रिंगा झिजल्या की जळालेला गॅस पिस्टनच्या कडेने खाली उतरतो आणि क्रँककेसमध्ये हवेचा दाब वाढतो. ती हवा बाहेर जायला ब्रीदरची नळी असते. गॅस जास्त झाला, किंवा ती नळीच काजळी-चिकट्याने तुंबली, की दाब दुसरी वाट शोधतो. सगळ्यात कमजोर वाट कुठली? क्रँकच्या टोकाचं रबरी सील. तेल तिथून ढकललं जातं. तुम्ही सील बदलता, नवं सील थोडे दिवस टिकतं, आणि दाब त्यालाही हरवतो. थेंब पडला सीलपाशी, पण चूक होती रिंगेची किंवा ब्रीदरची. थेंब जिथे दिसतो तिथे दोष असतोच असं नाही, हे सोइचिरोला पन्नासातल्या सत्तेचाळीस रिंगांनी शिकवलं होतं. रिंग खराब निघाली, पण उणीव होती लोखंडाच्या रसात. आणि त्याच्याही मागे जाऊन पाहिलं, तर उणीव त्याच्या स्वतःच्या माहितीत होती.

शून्यातून पुन्हा

युद्धात अमेरिकन बॉम्बहल्ल्यात त्याचा एक कारखाना गेला. जानेवारी १९४५ च्या मिकावा भूकंपात दुसरा पडला. उरलंसुरलं त्याने टोयोटाच्या कंपनीला साडेचार लाख येनला विकलं आणि वर्षभर चक्क सुट्टी घेतली.

१९४६ मध्ये छोट्याशा शेडमध्ये पुन्हा श्रीगणेशा. लष्कराच्या वायरलेस सेटचे जनरेटर चालवणारी छोटी इंजिनं पडून होती, ती त्याने सायकलींना बसवली. पेट्रोलची टंचाई, गाड्या-रेल्वे खचाखच भरलेल्या, त्यामुळे लोकांनी या फटफट्या हातोहात नेल्या. २४ सप्टेंबर १९४८ ला होंडा मोटर कंपनी उभी राहिली. पुढच्या वर्षी ताकेओ फुजिसावा येऊन मिळाला. पैसा आणि विक्री फुजिसावा बघणार, यंत्र सोइचिरो बघणार. दोघांनी एकमेकांच्या कामात नाक खुपसायचं नाही, असं ठरलं आणि ते पंचवीस वर्षं टिकलं.

१९५४ मध्ये सोइचिरोने जाहीर केलं की आपण आइल ऑफ मॅनच्या टीटी शर्यतीत उतरणार. मग स्वतः तिथे जाऊन पाहिलं, तर तिथल्या मोटरसायकली त्याच्यापेक्षा कितीतरी पुढे. पाच वर्षं लागली. १९५९ मध्ये संघ उतरला, सहावा क्रमांक मिळाला. १९६१ मध्ये मात्र १२५ आणि २५० सीसी, दोन्ही गटांत पहिले पाचही क्रमांक होंडाचे!

१९६३ मध्ये आली कंपनीची पहिली स्पोर्ट्‌स कार, एस ५००. इंजिन फक्त ५३१ सीसी, आपल्याकडच्या मोठ्या बुलेटएवढं. पण चार सिलिंडर, चार कार्ब्युरेटर, आणि पूर्ण ताकद मिळायची मिनिटाला आठ हजार फेऱ्यांवर. मागच्या चाकांना ताकद पोचवायला मोटरसायकलसारख्या चेन! दोन्ही चेन ॲल्युमिनियमच्या बंद पेट्यांत, तेलात बुडालेल्या, आणि याच पेट्या चाकाबरोबर वर-खाली हलायच्या. म्हणजे हलणाऱ्या पेटीत तेल आणि फिरणारे शाफ्ट. सील हा विषय कच्चा असणाऱ्याने असल्या भानगडीत पडूच नये. दोनच वर्षांत, ऑक्टोबर १९६५ मध्ये, मेक्सिकोला होंडाच्या गाडीने फॉर्म्युला वन शर्यतही जिंकली.

आणि १९६९ ची सीबी ७५०. त्या काळात ब्रिटिश मोटरसायकली जितक्या देखण्या, तितक्याच तेल सांडण्याबद्दल बदनाम होत्या. याचं एक कारण जोडणीत होतं. त्यांचं क्रँककेस उभं चिरलेल्या नारळासारखं, डावी वाटी आणि उजवी वाटी. त्यामुळे जोड थेट तळातून जायचा, जिथे तेल असतं. सीबी ७५० चं क्रँककेस आडवं विभागलेलं होतं, एक भाग वर आणि एक खाली. क्रँककेसचा मुख्य जोड तळातून जातच नाही, तर तिथून गळणार कसं? चांगलं सील लावण्याआधी, सील लागणारच नाही अशी रचना करायची. डागावर याहून पक्का इलाज नाही.

आणि तोच अडला

इथवर वाचून सोइचिरो अगदी आदर्श माणूस वाटला असेल, तर थांबा. तो भयंकर तापट होता. चूक दिसली की ओरडायचा, हातातलं हत्यार फेकायचा, माणसांवर हातही उचलायचा. कामगारांनी त्याला मेघगर्जनेवरून टोपणनाव दिलं होतं. आणि साठीला पोचल्यावर, ज्या गोष्टीने त्याला मोठं केलं, तीच तो विसरला.

त्याचा हट्ट होता एअर-कूल्ड इंजिनाचा. पाण्याने इंजिन थंड करा, मग रेडिएटरमध्ये ते पाणी हवेने थंड करा, हा द्राविडी प्राणायाम कशाला? थेट हवेनेच करा की! पाणीच नाही, तर पंप नाही, पाईप नाही, गळती नाही. ऐकायला एकदम बिनतोड. १९६८ मध्ये त्याने एअर-कूल्ड फॉर्म्युला वन कार केली. संघाचा मुख्य ड्रायव्हर जॉन सर्टीसने ती चालवायला नकार दिला. रुआँच्या ट्रॅकवर, पावसात, जो श्लेसर हा फ्रेंच ड्रायव्हर ती घेऊन उतरला. थोड्याच वेळात गाडी घसरली, आदळली आणि पेटली. श्लेसरचा त्यात जीव गेला.

तरी सोइचिरो बधला नाही. १९६९ ची होंडा १३०० ही साधी कौटुंबिक गाडीही त्याने एअर-कूल्डच केली. गाडी वेगवान होती, पण जड आणि महाग. तरुण इंजिनिअर सांगत होते, धुराचे नियम कडक होणार आहेत. इंजिनाचं तापमान नेमकं ताब्यात ठेवायचं तर पाणीच लागेल. साहेब ऐकेनात. शेवटी ते फुजिसावाकडे गेले. फुजिसावाने आयुष्यात पहिल्यांदा ठरलेली रेघ ओलांडली. त्याने सोइचिरोला विचारलं, की तू कंपनीचा अध्यक्ष राहणार आहेस, की इंजिनिअर? दोन्ही जमणार नाही. सोइचिरो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला की अध्यक्षच राहायला हवं. आणि पाण्याच्या इंजिनाला त्याने परवानगी दिली.

तिशीत पोरांच्या वर्गात जाऊन बसणं त्याला जमलं होतं. साठीत, आपल्याच हाताखालच्या पोरांकडून शिकणं त्याला जड गेलं. तुम्हीच सांगा, दोन्हीपैकी अवघड काय?

त्या परवानगीतून जे आलं, त्याने कंपनीचं नशीब पालटलं. १९७२ मध्ये वॉटर-कूल्ड सिव्हिक बाजारात आली. त्याच वर्षी जाहीर झालेल्या सीव्हीसीसी इंजिनाने अमेरिकेचे १९७५ साठी ठरलेले धुराचे नियम जगात सगळ्यात आधी पूर्ण केले. सोइचिरोला यात अमेरिकन कंपन्यांना मागे टाकायची संधी दिसत होती. पोरं म्हणाली की आम्ही हे कंपनीसाठी नाही, समाजासाठी करतोय. हे ऐकून त्याला कळलं की आपली वेळ झाली. ऑक्टोबर १९७३ मध्ये तो आणि फुजिसावा एकाच वेळी निवृत्त झाले. सोइचिरो तेव्हा ६६ वर्षांचा होता.

तुमच्या गाडीचं काय?

आता गॅरेजमध्ये जाल, तेव्हा सोइचिरोसारखा माग काढा. आधी इंजिन खालून स्वच्छ धुऊन घ्या, थोडी गाडी चालवा आणि ओल कुठून सुरू होते ते बघा. तेल वरून ओघळतं आणि वाऱ्याने मागे जातं, त्यामुळे वरच्या कव्हरची गळती बरेचदा मागच्या सीलच्या नावावर खपते. मग ब्रीदर मोकळा आहे का ते तपासून घ्या. रिंगा गेल्यात का, हे कॉम्प्रेशन तपासलं की कळतं. एवढं झाल्यावरच गिअरबॉक्स उतरवा. सील काढल्यावर शाफ्टवर बोट फिरवून बघायला सांगा. जुन्या सीलने तिथे चर पाडली असेल, तर नवं रबर त्याच चरीवर बसून गळणारच. अशा वेळी शाफ्टवर पातळ स्लीव्ह चढवतात किंवा सील किंचित पुढे-मागे बसवतात. नवं सील कोरडं, हातोडीने तिरकं ठोकून बसवू देऊ नका. ओठाला तेल लावून, सगळीकडून सारखं दाबून बसवायचं. आणि मुख्य म्हणजे गाडी चालवा! स्पोर्ट्‌स कार महिनोन् महिने कव्हरखाली झाकून ठेवली, की सीलचं रबर सुकून कडक होतं. गळती तिथूनच सुरू होते.

तेलकट हात

निवृत्तीनंतर सोइचिरो घरी बसला नाही. जपानभरच्या होंडाच्या कारखान्यांत, दुकानांत, गॅरेजांत जाऊन तो प्रत्येकाचा हात हातात घेऊन आभार मानत फिरला. या दौऱ्याला दीडेक वर्ष लागलं. कुठे तीन-चारच माणसं असली तरी जायचा. एका ठिकाणी एक तरुण मेकॅनिक पुढे आला आणि चपापून मागे सरकला. हात तेलाने बरबटलेले होते, धुऊन येतो म्हणाला. सोइचिरोने त्याला थांबवलं आणि तोच हात हातात घेतला. मग स्वतःच्या तळव्याला लागलेल्या तेलाचा वास घेतला, अगदी खुशीत.

ऐंशीच्या दशकात त्याच्या कंपनीने भारतात पाऊल ठेवलं, तेव्हा पुण्याच्या कायनेटिकबरोबर स्कूटर आली आणि हिरोबरोबर मोटरसायकल. तुमच्या आई-बाबांना कॉलेजच्या दिवसांतली कायनेटिक होंडा नक्की आठवत असेल, विचारून बघा. १९८९ मध्ये अमेरिकेच्या ऑटोमोटिव्ह हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव लागलं. तो मान मिळवणारा तो पहिला जपानी. ५ ऑगस्ट १९९१ ला तो गेला. आपल्यासाठी कंपनीने मोठी अंत्ययात्रा काढू नये, असं तो आधीच बजावून गेला होता. कारण सांगितलं ते एकदम सोइचिरोछाप. मोटारी बनवणाऱ्या माणसामुळे रस्त्यावर ट्रॅफिक जॅम होता कामा नये!